कागदावरचे सातशे ग्रॅम

साध्या कामगाराला दिवसाला ७०० ग्रॅम धान्य, खाणीत किंवा तशाच जड कामावर असलेल्याला ९००, आणि घर सांभाळणाऱ्या बाईला ३००. उत्तर कोरियाच्या शिधावाटपाचे हे प्रमाण कित्येक वर्षे कागदावर होते आणि त्या देशावरच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात ते उतरवलेले सापडते. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या वाचनाच्या बैठकीत हा उतारा वाचून झाला, तेव्हा बाळापूरकडच्या एका गावाहून येणारे एक वयस्क शेतकरी म्हणाले, "कागदावर तं सारंच रायते, भाऊ. काट्यावर किती येते थे सांगा."

हे पुस्तक त्या काट्याच्या शोधात तयार झाले. उत्तर कोरियातले रोजचे जगणे, म्हणजे चूल, पाणी, धान्य, बाजार, शाळा, आजारपण, याबद्दल जे काही छापलेले, मोजलेले, सांगितलेले आहे त्यातले निवडक मराठीत आणून बैठकीतल्या मंडळींनी इथे लावले आहे. सोबत रशिया आणि चीनबद्दलची जुने मराठी लेखनही थोडे आले आहे, कारण बंद देशाकडे पाहण्याची आपली नजर तिथेच घडली. प्रस्तावना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले ते मी वादात सर्वांत जास्त बोललो म्हणून, तज्ज्ञ म्हणून नव्हे.

मोर्णेच्या काठी, राजराजेश्वराच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर बसून प्याँगयांगच्या स्वयंपाकघराची चौकशी करणे काहींना विक्षिप्त वाटले. 'इथले प्रश्न संपले का?' असे आम्हाला विचारलेही गेले. ते संपलेले नाहीत. पण वऱ्हाडातल्या माणसाला या विषयात उपजत गती असायला हवी असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण कापूस आहे.

१९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. पुढची सुमारे तीन दशके, अधूनमधून सवलती आणि दुरुस्त्या होत होत, राज्यातल्या शेतकऱ्याने आपला कापूस सरकारी यंत्रणेलाच घालायचा असा दंडक राहिला. बोलीत त्या यंत्रणेचे नाव 'फेडरेशन'. दुसरे गिऱ्हाईक नाही. हेतू चांगला होता: व्यापाऱ्याच्या तावडीतून सुटका, हमीचा भाव, आणि नफा झाला तर वर बोनस. काही वर्षे बोनस मिळालाही. ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण त्याच काळात खरेदी केंद्राबाहेर गाड्यांची रांग लागे, ग्रेडर मुठीत कापूस घेऊन प्रत ठरवी, चुकारे हप्त्याहप्त्याने येत, आणि शेजारच्या राज्यात भाव चढला की रात्रीतून कापूस सीमेपार जाई. त्याला अडवायला नाक्यावर माणसे बसत.

आता समजा, १९८५ साली पोलंडमधल्या एखाद्या अभ्यासकाला वऱ्हाडातले रोजचे जगणे समजून घ्यायचे आहे. त्याच्या हाती खरेदीचा वार्षिक अहवाल लागला तर किती क्विंटल कापूस आला ते त्याला कळेल. रांगेत बैलांना वैरण कुठून आणली, गाडीखाली रात्री कोण झोपले, प्रत उतरवल्यावर ग्रेडरशी काय बोलणे झाले, चुकाऱ्याच्या भरवशावर किराणा दुकानदाराने किती दिवस उधार दिले, यातले काही त्याला मिळणार नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या सभेतले भाषण मिळाले तर राग मिळेल आणि उत्पादन खर्चाचा चोख हिशेब मिळेल. ज्या साली बोनस वेळेवर आला त्या सालची लगीनसराई मिळणार नाही. एखाद्या जुन्या अडत्याला गाठले तर तो योजनेला शिव्याच घालणार, कारण त्याचा धंदाच तिने बसवला. आणि तरी सीमेपार रात्री किती गाड्या जात, हे त्या अडत्याइतके पक्के बाकी दोघांपैकी कोणालाच ठाऊक नसेल.

या तिघांत विश्वासार्ह कोण, असा प्रश्न आपण विचारतो तेव्हा तो मुळातच चुकीच्या ठिकाणी विचारतो. अहवालावर वजनापुरता विश्वास ठेवावा, भाषणावर खर्चाच्या हिशेबापुरता, अडत्यावर चोरवाटांपुरता. विश्वास वाक्यागणिक द्यायचा असतो. सांगणाऱ्याने हे स्वतः पाहिले का, हे सांगण्यात त्याचा फायदा आहे की तोटा, आणि ज्याचे हितसंबंध याच्या उलट आहेत असा दुसरा कोणी तेच सांगतो का, एवढे प्रत्येक वाक्याला विचारायचे. पुस्तकभर आम्ही हेच केले आहे.

महाराष्ट्राला बंद समाजवादी देश भेटला तो आधी रशियाच्या रूपाने. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० साली प्रसिद्ध झाले. मराठी प्रवासवर्णनाला त्याने नवे वळण दिले असे आपण शिकत-शिकवत आलो. १९६१ साली अण्णा भाऊ साठे रशियाला जाऊन आले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिले. अण्णा भाऊ पाहुणे म्हणून गेले होते, यजमानांच्या विचाराचे होते, त्यांच्या कथा रशियन भाषेत पोचलेल्या होत्या. एवढ्यावरून ते पुस्तक प्रचार म्हणून बाजूला ठेवणारे लोक बैठकीतही होते. मला ते पटत नाही. सोव्हिएत कारखान्यात खरोखर किती उत्पादन होत होते यासाठी ते पुस्तक उघडू नये. पण घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत राहणाऱ्या, मुंबईत पोटासाठी मिळेल ते काम केलेल्या लेखकाला परदेशी रस्त्यावर कोणत्या गोष्टीपाशी थांबावेसे वाटले, याचा तो अस्सल पुरावा आहे. ते थांबणे कोणत्याही दुभाष्याला ठरवून देता येत नाही.

पुस्तकांपेक्षा जास्त घराघरांत पोचले ते 'सोव्हिएत देश'. दिल्लीतल्या सोव्हिएत वकिलातीच्या माहिती विभागाचे हे नियतकालिक मराठीतही निघे. गुळगुळीत जाड कागद, रंगीत छायाचित्रे आणि नाममात्र वर्गणी. जून महिन्यात त्याची पाने शाळेच्या वह्या-पुस्तकांना कव्हर म्हणून चढत, आणि मग वर्षभर भूगोलाच्या तासाला मॉस्कोचा मेट्रो किंवा उझबेकिस्तानातले कापूस वेचणारे यंत्र डोळ्यांसमोर राही. ज्यांच्या आया-बहिणी ओटीत कापूस वेचत, कमरेत वाकून दिवस काढत, त्या मुलांना त्या यंत्राचे किती अप्रूप वाटत असेल ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही.

यंत्र खोटे नव्हते. चित्राच्या चौकटीबाहेर मात्र बरेच काही होते. त्याच उझबेकिस्तानात शरद ऋतू लागला की शाळा-कॉलेजांची पोरे वर्ग बंद करून हाताने कापूस वेचायला शेतावर धाडली जात. कापसाच्या पाण्यासाठी अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्या इतक्या वळवल्या गेल्या की १९६० साली जगातले चौथ्या क्रमांकाचे सरोवर असलेला अरल समुद्र आटत आटत तुकडे-तुकडे झाला. आणि १९५९ पासून १९८३ साली मरेपर्यंत तिथल्या पक्षाचे प्रमुख असलेल्या शराफ रशीदोव यांच्या कारकिर्दीत, न पिकलेला लाखो टन कापूस वर्षानुवर्षे कागदावर पिकत राहिला. वरून लक्ष्य यायचे, खाली ते पूर्ण झाल्याचे लिहून द्यायचे, जिनिंगपासून मंत्रालयापर्यंत प्रत्येकाने आपला वाटा घ्यायचा. हे प्रकरण खणून काढले ते मॉस्कोच्या सरकारी वकिलांनीच. बंद देशाची सरकारी कागदपत्रे सरसकट खोटी असतात असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे: खोटा आकडा आणि तो खोटा असल्याचा पुरावा, दोन्ही त्याच सरकारच्या दप्तरात होते.

तसेच दुसरे उदाहरण जनगणनेचे. ६ जानेवारी १९३७ रोजी सोव्हिएत संघात शिरगणती झाली. संख्या निघाली सुमारे १६ कोटी २० लाख. सरकारने त्याआधी जे आकडे मिरवले होते त्यांच्या मानाने फारच कमी, कारण मधल्या काळात दुष्काळ होऊन गेला होता. गणतीच रद्द ठरवण्यात आली, ती करणारे संख्याशास्त्रज्ञ पकडले गेले, काहींना गोळ्या घातल्या. १९३९ साली पुन्हा गणती होऊन १७ कोटी हा आकडा जाहीर झाला. रद्द झालेल्या गणतीचे तक्ते मात्र दप्तरात टिकले, अर्धशतकाने बाहेर आले आणि आज इतिहासकार वापरतात ते तेच. ज्या माणसाला आकडा दिल्याबद्दल शिक्षा झाली त्याच्या आकड्याची किंमत आपोआप वाढते.

त्या दुष्काळाच्याच वेळची दोन पत्रकारांची गोष्ट पहिल्या भागात सविस्तर आली आहे. न्यूयॉर्क टाइम्सचा वॉल्टर ड्युरांटी मॉस्कोत वर्षानुवर्षे राहिलेला, सगळ्यांशी ओळखी असलेला, १९३२ चा पुलित्झर मिळालेला. गॅरेथ जोन्स सत्ताविशीतला वेल्श तरुण, आला आणि गेला. १९३३ च्या मार्चमध्ये जोन्स युक्रेनमध्ये आगगाडीतून मधेच उतरला आणि रुळांच्या कडेकडेने गावोगाव चालत गेला; जे पाहिले ते बाहेर पडताच त्याने जाहीर केले. ड्युरांटीने त्याचे म्हणणे त्याच महिन्यात छापून खोडून काढले. जग ड्युरांटीवर विसंबले. जो जास्त दिवस राहिला तो जास्त जाणतो, हा आपला लाडका समज आहे. पण जास्त दिवस राहायचे तर परवाना टिकवावा लागतो, आणि परवाना टिकवायचा तर काही गावांना जाता येत नाही.

रवींद्रनाथांचा दाखला मात्र मला सर्वांत बोलका वाटतो. १९३० साली ते मॉस्कोला गेले, तिथल्या शिक्षणप्रसाराने भारावले, आणि तसे त्यांनी पत्रांतून मनापासून लिहिले. त्या लिखाणातला काही भाग इंग्रजीत आला तेव्हा इंग्रज सरकारला तो खुपला. पण निघताना 'इझ्वेस्तिया'ला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी द्वेष शिकवण्याबद्दल आणि मतस्वातंत्र्य दडपण्याबद्दल यजमानांना स्पष्ट सुनावलेही होते. ती मुलाखत त्या वृत्तपत्रात छापून यायला १९८८ साल उजाडले. म्हणजे एकाच पाहुण्याचे अर्धे म्हणणे एका सरकारला नको होते आणि अर्धे दुसऱ्याला. प्रवाशाचे म्हणणे वाचताना ते कोणी छापू दिले हेही पाहावे लागते.

या गंभीर मंडळींच्या रांगेत आम्ही एक सोव्हिएत बालकथाकार घुसवला आहे आणि त्यावरून पुष्कळ वाद झाला. व्हिक्तर द्रागून्स्की यांच्या एका गोष्टीत देनिस्का नावाच्या मुलाला रव्याची खीर नकोशी होते. संपवलीस तर क्रेमलिन दाखवायला नेईन, असे आई सांगते. पोरगा तिच्यात साखर घालतो, मीठ घालतो, शेवटी तिखटजाळ चटणी ओततो आणि सगळी वाटी खिडकीबाहेर रिकामी करतो. थोड्या वेळाने दारात पोलीस आणि खिरीने माखलेले एक गृहस्थ. ते नेमके फोटो काढून घ्यायला निघालेले. हसून झाल्यावर पुन्हा वाचा. सकाळी पोरांच्या पुढ्यात काय येते, लाच म्हणून आई काय देऊ शकते, फोटो काढून घेणे म्हणजे ठेवणीतला पोशाख घालून बाहेर पडण्याचा प्रसंग असतो, आणि अशा तक्रारीसाठीही माणूस पोलिसाला घरी घेऊन येतो. यातले काहीही लेखकाला 'सांगायचे' नव्हते. म्हणूनच त्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. बंद देशाबद्दल सर्वांत पक्की माहिती बहुधा अशी वाटेत सांडलेली असते.

आता कोरिया. मराठी माणसाचा या देशाशी एक जुना संबंध आहे तो फारसा कोणाला आठवत नाही. १९५३ साली युद्ध थांबल्यावर, मायदेशी परत जायला नकार देणारे चिनी आणि उत्तर कोरियन युद्धकैदी भारतीय सैन्याच्या ताब्यात सोपवले गेले. त्या पहारेकरी दलाचे प्रमुख होते कोल्हापूर भागातले मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. सुमारे २२ हजार ६०० कैदी, त्यांत ७ हजार ९०० च्या आसपास उत्तर कोरियन. इतके उत्तर कोरियन एका ठिकाणी भारतीयांनी पुन्हा कधी पाहिले नसतील. पण हे सगळे परत न जाणारे होते. परत जायला तयार असलेले आधीच गेले होते. त्यांच्या तोंडून जो देश ऐकू येणार तो सोडलेला देश.

आज दक्षिण कोरियात जाऊन राहिलेल्या सुमारे ३४ हजार उत्तर कोरियनांबद्दल हीच सावधगिरी हवी. त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक बायका आहेत, आणि बहुसंख्य लोक चीनच्या सीमेलगतच्या उत्तर हाम्ग्योंग व र्यांगगांग या दोन प्रांतांतले. नदी ओलांडली की चीन, म्हणून निसटणे जमले. राजधानीतले किंवा दक्षिणेकडच्या भातशेतीच्या मुलखातले त्यांत थोडे. शिवाय नव्या देशात आल्यावर त्यांची कहाणी हे त्यांचे भांडवल होते. व्याख्यान, दूरचित्रवाणी, पुस्तक, सगळीकडे जास्त भयंकर कहाणीला जास्त मागणी.

शिन दोंग-ह्युक यांच्या कहाणीवर ब्लेन हार्डन यांनी लिहिलेले पुस्तक २०१२ साली जगभर गाजले. छळछावणीत जन्मून निसटलेला माणूस. २०१५ च्या जानेवारीत शिन यांनीच कबूल केले की घटनांची ठिकाणे आणि काळ आपण बदलून सांगितले होते. बैठकीत यावर दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, तो उतारा काढूनच टाका. दुसऱ्याचे म्हणणे, अंगावरच्या जखमा खऱ्या असलेल्या माणसाला तारखा चुकल्या म्हणून खोटारडा ठरवू नका. शेवटी दोन्ही सांगणी समोरासमोर छापली आहेत. माझे स्वतःचे मत असे की, छावण्यांसाठी एका माणसावर विसंबण्याची गरजच नाही. मायकेल कर्बी यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१४ साली अहवाल दिला तो ८० हून अधिक जणांच्या जाहीर साक्षी आणि २४० गुप्त मुलाखती जुळवून. एक साक्षीदार डळमळला म्हणून तो अहवाल कोसळत नाही.

बार्बरा डेमिक यांनी वेगळी युक्ती केली. 'नथिंग टू एन्व्ही' या पुस्तकासाठी त्यांनी चोंगजिन या एकाच शहरातली माणसे धरली. सगळे एकाच शहरातले असले की एकाने सांगितलेले रेल्वे स्टेशन, रुग्णालय, कारखाना दुसऱ्याला विचारून पडताळता येतो. साधीच गोष्ट, पण देशभर हिंडलेल्या शंभर प्रवाशांनी ती केलेली नसते. आंद्रेई लान्कोव यांचे लेख मला त्याहून जवळचे वाटतात. ते लेनिनग्राडचे, १९८४-८५ मध्ये प्याँगयांगच्या किम इल-सुंग विद्यापीठात विद्यार्थी म्हणून राहिलेले. रांग, शिधापत्रिका, वरिष्ठाची शिफारस हे सारे त्यांच्या घरचेच होते, त्यामुळे रांग पाहून ते दचकत नाहीत. आपल्याकडच्या रांगेपेक्षा इथली कशी वेगळी, तेवढेच नेमके टिपतात. पाश्चात्त्य पाहुण्याला जिथे तिथे भयच दिसते, आणि भयाखाली दबून सामान्य तपशील हरवतो. हंगेरी आणि पूर्व जर्मनीच्या वकिलातींचे जुने अहवालही याच जातीचे. मित्रराष्ट्राचे कंटाळलेले कारकून, भाजीपाल्याची टंचाई आणि कोळशाचा तुटवडा आपल्या सरकारला कळवणारे. ते छापण्यासाठी लिहिलेलेच नव्हते.

पर्यटकांच्या छायाचित्रांना आम्ही फार जागा दिलेली नाही. दोन मार्गदर्शक सोबत, बस ठरलेली, पुतळे ठरलेले.

सरकारी वृत्तपत्रे मात्र जरूर वाचावीत, फक्त उलट बाजूने. १९९१ साली 'दिवसातून दोनदाच जेवा' अशी मोहीम उत्तर कोरियात चालवली गेली, आणि ती आरोग्याच्या नावाखाली होती. धान्याची स्थिती कळायला याहून स्पष्ट कबुली कोणती? मोठा दुष्काळ त्यानंतर तीन-चार वर्षांनी उघड झाला. २००७ च्या अखेरीस पन्नाशीच्या आतल्या बायकांनी बाजारात बसू नये असे फर्मान निघाले; म्हणजे त्या बसत होत्या, आणि पुष्कळ बसत होत्या. २०२० च्या डिसेंबरात परकी चित्रफिती पाहणाऱ्या-वाटणाऱ्यांवर कडक शिक्षेचा कायदा आला, २०२३ साली दक्षिणेच्या ढंगाने बोलण्याविरुद्ध आणखी एक. जे कोणी करतच नाही त्यावर बंदी घालायला कोणतेही सरकार कागद वाया घालवत नाही.

आकड्यांपैकी दोन ठिकाणी आम्ही बराच भार टाकला आहे. पहिली, संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या मदतीने झालेली २००८ ची जनगणना. तिने २ कोटी ४० लाख ५२ हजार २३१ माणसे मोजली, आणि घर कशावर तापते, स्वयंपाक कशावर होतो, पाणी कुठून येते हेही विचारले. दुसरी, युनिसेफच्या सहकार्याने २०१७ मध्ये झालेली कुटुंबपाहणी. वाढ खुंटलेल्या लहान मुलांचे प्रमाण २०१२ मध्ये २८ टक्के होते ते तीत १९ वर आले. गणना करणारे सरकारचेच नोकर, मग यावर का विसंबायचे? मुख्य कारण असे की या तक्त्यांत राजधानी आणि दूरचे प्रांत यांच्यातली दरी लपवलेली नाही. खोटे लिहायचेच असते तर ती आधी बुजवली असती. आणि १९९३ व २००८ या दोन गणत्या शेजारी ठेवल्या की, अधल्यामधल्या दुष्काळात किती माणसे गेली त्याचा अंदाज बांधता येतो. हे अंदाज अडीच लाखांच्या आसपासपासून तीस लाखांच्याही वर पसरलेले आहेत. मोठे आकडे बहुतांशी सीमेवर पोचलेल्यांच्या सांगण्यावरून, म्हणजे सर्वांत जास्त होरपळलेल्या प्रांतांवरून साऱ्या देशाचा हिशेब मांडून आले. गणतीवर बेतलेले आकडे बरेच खाली येतात. खालचा आकडाही लाखांतच आहे.

पुस्तकाची मांडणी आधी साधनांप्रमाणे होती: पळून आलेले, प्रवासी, सरकारी कागद, उपग्रह, असे. ती मोडली बैठकीतल्या बायकांनी. चूल कशाची, सरपण कोण आणते, साबण किती दिवस पुरतो, पाळीला काय वापरतात, पोराला ताप आला तर औषध फुकट मिळते की विकत, असे प्रश्न त्या विचारत गेल्या आणि पुरुषांनी जमवलेल्या अर्ध्याअधिक उताऱ्यांत त्यांची उत्तरेच नव्हती. मग प्रकरणे प्रश्नांप्रमाणे लावली. एकेका प्रश्नाखाली जनगणनेचा तक्ता, चोंगजिनच्या एखाद्या बाईचे सांगणे आणि एखादे सरकारी फर्मान शेजारी शेजारी येतात, आणि ते कुठे जुळतात, कुठे भांडतात हे वाचणाऱ्याला लगेच दिसते. कोणाचे खरे, याचा निकाल आम्ही प्रत्येक वेळी दिलेला नाही.

घाईत असणाऱ्यांनी 'बाजार' हे प्रकरण आधी वाचले तरी चालेल. सोलहून निघणारे 'डेली एनके' तांदळाचे आणि डॉलरचे भाव प्याँगयांग, सिनइजू आणि हेसान या तीन शहरांतून मिळवून छापत आले आहे; त्यांतले निवडक तिथे दिले आहेत. तीन शहरांचे भाव मिळून चढतात-उतरतात का हे पाहिले की एखादा खोटा आकडा पटकन उघडा पडतो. उपग्रहातून चारशेहून अधिक बाजारांची छपरे मोजली गेली आहेत, तीही त्याच प्रकरणात. २००९ च्या ३० नोव्हेंबरला तिथे जुन्या शंभर वॉनला नवा एक असा बदल झाला आणि ठरावीक रकमेपलीकडचे घरातले पैसे रद्दी झाले, त्याचा वृत्तान्त २०१६ चा नोव्हेंबर बँकेच्या रांगेत काढलेल्यांना फार समजावून सांगावा लागणार नाही.

फक्त एक करू नका: हे भाव सरकारी विनिमय दराने रुपयांत बदलू नका. २०१० च्या दशकात सरकारी दर डॉलरला शंभर वॉनच्या आसपास होता आणि बाजारात त्याच डॉलरला आठ हजार पडत होते. त्याऐवजी पगाराशी ताडून पाहा. तेव्हा सरकारी कारखान्यातला महिन्याचा पगार तीन हजार वॉनच्या घरात होता, आणि तांदूळ किलोला पाच हजारांच्या आसपास. महिनाभराच्या पगारात किलोभरही तांदूळ येत नसे, आणि तरी नवऱ्याला रोज हजेरी लावावीच लागे. ती चुकवायची तर कारखान्यालाच पैसे भरावे लागत. लग्न झालेल्या बाईवर मात्र नोकरीची सक्ती नाही. बाजारात बसते ती. घर कशावर चालते ते त्या प्रकरणाच्या दुसऱ्या पानापासून सुरू होते.

जुने शहर, अकोला